शाळेच्या दारातील मानसशास्त्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आनेकल येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही केंद्र सरकारचे एक अधिकारी आणि शिक्षणाने साधे बी.ए. आमचे सारे आयुष्य टिपणे लिहिण्यात आणि इतरांच्या टिपणांवर शेरे मारण्यात गेले. आजचा विषय तर शालेय मानसशास्त्र आणि समुपदेशन यांतील पीएच्.डी.चा अभ्यासक्रम हा आहे. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की या अभ्यासाची गरज काय असते हे आम्ही एका मुलाचा बाप म्हणून पाहिले, आणि हा अभ्यास किती कष्टाचा असतो हे एका मुलीचा बाप म्हणून आजही पाहत आहोत.

या परिसराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या फौजेने बेंगळूर घेतले आणि येथील जहागीर शहाजीराजांकडे आली, तेव्हापासून मराठी बोल या भागात ऐकू येतो. आज या सभागृहात बसलेल्यांकडे पाहिले तर त्यात जिगणी आणि बोम्मसंद्र येथील कारखान्यांतील अभियंते आहेत, विटा, खानापूर, आटपाडीकडून येऊन सोनेचांदी गाळणारे गलाई बांधव आहेत, आणि आमच्यासारखे बदलीच्या वाऱ्याने येऊन पडलेले सरकारी नोकरही आहेत. व्यवसाय वेगळे असले तरी आपणां सर्वांच्या घरात एक गोष्ट समान आहे. आपली मुले घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात. वर्गातील एखाद्या मुलाशी त्याचे मित्र हिंदीतही बोलत असतात. हे मूल शाळेत मागे पडले तर ते का पडले, हे कोणी आणि कसे ठरवावे? आमच्या आजच्या भाषणाचा सारा भार या एका प्रश्नावर आहे.

प्रथम आमच्या घरची हकीकत सांगतो. ती सांगताना आम्हांस आनंद होत नाही, पण ती वगळून बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२००६ साली आमची बदली बेंगळूरला झाली. तत्पूर्वी आम्ही नागपूर आणि हैदराबाद येथे होतो. धाकटे चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचे होते आणि तोवर त्यांची तिसरी शाळा सुरू झाली होती. तोंडाने ते फार हुशार. रेल्वेच्या गाड्यांची वेळापत्रके त्यांना तोंडपाठ असत आणि रामायणातील प्रसंग ते अभिनयासह सांगत. पण पुस्तक समोर ठेवले की एक ओळ वाचता वाचता कपाळाला घाम येई. लिहिताना अक्षरे उलटीसुलटी पडत आणि फळ्यावरचे उतरवून घेताना निम्मे राहून जाई. शाळेतून चिठ्ठ्या येऊ लागल्या. अखेर एके दिवशी आम्हांस बोलावून सांगण्यात आले की मुलाची बुद्धी बेताची दिसते, त्याला मंदबुद्धी मुलांच्या शाळेत घातलेले बरे. कोणी चाचणी घेतली, कोणत्या भाषेत घेतली, हे आम्ही विचारले नाही. अधिकारी माणूस कार्यालयात कागदाचा आधार मागितल्याशिवाय सही करीत नाही. पण स्वतःच्या मुलाच्या बाबतीत आम्ही तोंडी शेरा मान्य केला.

आणि त्याहून वाईट असे की, आम्ही तो शेरा आळस या सदरात घातला. दोन वर्षे आम्ही त्या मुलाला रोज रात्री समोर बसवून शुद्धलेखन घातले. पट्टी वापरली. एकदा तर संतापाच्या भरात त्याची वही फाडली. मुलगा रडला नाही. त्याने फाटलेली पाने गोळा केली आणि नीट लावून दप्तरात ठेवली. दाराशी अकरा वर्षांची थोरली बहीण उभी होती. तिने ते पाहिले. त्या रात्री ती आमच्याशी बोलली नाही.

पुढे एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून आम्ही मुलाला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे नेले. बाई मूळच्या बेळगावकडच्या, त्यामुळे कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा त्यांना घरच्या होत्या. त्यांनी तीन दिवस थोडा थोडा वेळ मुलाला जवळ बसवून घेतले आणि सारे प्रश्न मराठीत विचारले. नंतर वाचन, लेखन आणि गणित यांची वेगळी तपासणी केली. शेवटी त्यांनी आम्हां उभयतांना सांगितले, "तुमच्या मुलाची बुद्धी वयाच्या मानाने पुढेच आहे. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात त्याला अडचण आहे. ही अडचण आहे हो, अपराध नव्हे." शेवटचे वाक्य त्यांनी आमच्याकडे पाहून म्हटले.

त्या वेळी वापरलेली एक चाचणी म्हणजे बिने-कामत चाचणी. हे नाव आम्ही प्रथमच ऐकत होतो, आणि त्यामागचा इतिहास कळला तेव्हा मराठी माणूस म्हणून मान ताठ झाली.

हा इतिहास थोडक्यात निवेदन करतो. १८९६ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात लायटनर विटमर यांच्याकडे एका शिक्षिकेने एक विद्यार्थी आणला. मुलगा इतर बाबतींत ठीक होता, पण शब्दांची अक्षरे त्याला लिहिता येत नसत. विटमर यांनी त्याला तपासले तेव्हा डोळ्यांचाही दोष आढळला. चष्मा देऊन मग शिकवणी सुरू झाली. जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय या निमित्ताने उघडले, असे मानतात. म्हणजे या शास्त्राचा जन्म वेड्यांच्या इस्पितळात झाला नसून शाळेतल्या एका पोराच्या शुद्धलेखनातून झाला आहे. पुढे १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉं यांनी शाळेत ज्यांना विशेष साहाय्य लागेल अशी मुले ओळखण्यासाठी बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी तयार केली. १९१३ साली लंडन कौंटी कौन्सिलने सिरिल बर्ट यांना मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले, आणि शाळांच्या व्यवस्थेत या विद्येला अधिकृत जागा मिळाली.

आता आपल्याकडे येऊ. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीची कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी सुधारित आवृत्ती तयार केली. हजाराच्या वर मुलांवर ती अजमावून पाहिली. त्यावरील त्यांचा निबंध १९३४ साली ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचे भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील पुस्तक काढले. सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषेवरून किती वाद झाले ते आपण जाणतोच. पण दोन भाषांच्या मुलांना एकाच मायेने मोजणारी ही फूटपट्टी त्या वादांच्या आधीच धारवाडला तयार झाली होती.

महाराष्ट्रातही हे काम निरनिराळ्या ठिकाणी वाढत गेले. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले, तीच पुढची टाटा समाजविज्ञान संस्था. तिने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. नागपूरला डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्स्लर यांच्या बालचाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले, ते १९६९ साली बाहेर आले, आणि त्यात मराठीचाही समावेश होता. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि बुद्धिमान मुलांच्या शिक्षणास मानसशास्त्रीय चाचण्यांचा आधार दिला. इकडे बेंगळूरला १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक होते, आणि पुढच्याच वर्षी तेथे मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. १९७४ साली तिचे आणि येथील सरकारी मनोरुग्णालयाचे एकीकरण होऊन निम्हान्स ही संस्था अस्तित्वात आली. तेथील डॉ. मालविका कपूर यांनी शाळांतील मानसिक आरोग्यावर मोठे काम केले. अध्ययन-अक्षमता तपासण्याची जी निम्हान्सची चाचणी आज देशभर वापरली जाते, ती १९९१ सालची, त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमांतून तयार झालेली. आनेकलहून चंदापुरावरून हुसूर रस्त्याला लागले की तोच रस्ता निम्हान्सच्या दारावरून जातो. इतक्या जवळ ही गंगा असून आम्ही दोन वर्षे तहानलेले राहिलो!

असो. मुलाचे वाचन हळूहळू मार्गी लागले. आमची कन्या मात्र तो दरवाजा आणि ती फाटलेली वही विसरली नाही. बारावीला तिला उत्तम गुण पडले. अभियांत्रिकीला सहज प्रवेश मिळाला असता. तिने मानसशास्त्र घेतले. आम्ही विरोध केला. "याला भवितव्य काय?" असा प्रश्न आम्ही केला. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, त्या बाई आपल्याला दोन वर्षं आधी भेटल्या असत्या तर?" या प्रश्नास आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही.

आता या मार्गाची माहिती देतो, कारण मंडळातील दोन-तीन पालकांनी मुद्दाम विचारणा केली आहे.

अमेरिकेत शालेय मानसशास्त्र आणि समुपदेशन मानसशास्त्र या स्वतंत्र शाखा आहेत, आणि काही विद्यापीठांत दोन्हींचा संयुक्त पीएच्.डी. अभ्यासक्रमही असतो. पदवीनंतर निदान तीन वर्षांचे पूर्णवेळ अध्ययन, प्रबंध आणि त्यावर एक वर्षाची प्रत्यक्ष उमेदवारी असा त्याचा सांगाडा आहे. १९४९ साली बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने असे ठरविले की मानसशास्त्रज्ञ हा संशोधक आणि चिकित्सक दोन्ही असावा. ही कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. नुसता संशोधक मुलाला आकडा समजतो, आणि नुसता चिकित्सक आपल्या अनुभवालाच शास्त्र समजू लागतो.

आपल्या देशात शालेय मानसशास्त्र या नावाने अभ्यासक्रम विरळा. बहुतेक विद्यार्थी मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र विभागातून एम.ए. करतात आणि त्याच विभागात शाळेशी निगडित विषय घेऊन पीएच्.डी.ला नाव नोंदवितात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच्.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे लागतात. स्त्री संशोधकांना दोन वर्षांची अधिक सवलत आहे. प्रारंभी संशोधनपद्धतीचा वर्ग-अभ्यास असतो, मग नैतिक समितीची संमती, मग शाळाशाळांतून माहितीचे संकलन, आणि शेवटी प्रबंध व तोंडी परीक्षा.

येथे पालकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पीएच्.डी. ही संशोधनाची पदवी आहे. ती रोगनिदान करण्याचा परवाना नव्हे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदवही तिच्याकडे आली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणजे कोण, याची व्याख्या देखरेखीखालील दोन वर्षांच्या पूर्णवेळ प्रशिक्षणाशी जोडली आहे. हे प्रशिक्षण वर्षानुवर्षे एम.फिल. या नावाने चालत आले. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली आणि या विषयापुरती नंतर मुदतीची सवलत दिली. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी त्या वर्षी कोणता अभ्यासक्रम मान्य आहे, याची परिषदेकडे लेखी खात्री करून घ्यावी. सरकारी नोकर या नात्याने एवढा सल्ला आम्ही अधिकाराने देऊ शकतो.

आमच्या कन्येने एम.ए. केले, मग दोन वर्षांचे ते प्रशिक्षण, मग दोन वर्षे एका शाळेत समुपदेशक म्हणून नोकरी, आणि २०२३ साली पीएच्.डी.ला नाव नोंदविले. तीन भाषांत वावरणाऱ्या मुलांचे वाचन हा तिचा विषय. त्यासाठी ती या तालुक्यातील शाळांतून हिंडते. मागील वर्षी एकदा आम्ही तिला सोडायला गेलो आणि तिच्या मार्गदर्शकांची व शाळेची परवानगी असल्याने मागच्या बाकावर बसलो. समोर एका गलाई कुटुंबातील सात वर्षांचा मुलगा होता. इंग्रजीत चित्रातील वस्तूंची नावे विचारली तेव्हा त्याने चारपाचच सांगितली आणि मान खाली घातली. मग तिने तीच चित्रे मराठीत विचारली. पाकीट, कुलूप, ऐरण, चिमटा अशी नावे त्याच्या तोंडून भराभर येऊ लागली. इतकेच नव्हे तर "ऐरणीवर आमचे आबा चांदी ठोकतात, पण आधी ती मुशीत आटवायला लागते," असे सांगून त्याने सारी क्रिया क्रमाने वर्णन केली. पहिल्या दहा मिनिटांवर निकाल दिला असता तर हा मुलगा कोणत्या सदरात गेला असता ते सांगणे नलगे. आम्हांस तेथे आमच्या चिरंजीवांची आठवण झाली आणि आम्ही बाहेर येऊन उभे राहिलो.

कोणी म्हणेल, चाचण्या आहेत ना, मग आणखी संशोधन कशाला? यास आमच्या खात्याच्या भाषेत उत्तर देतो. औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकाचे आधारवर्ष सरकारने २००१ वरून २०१६ वर आणले, कारण जुन्या काळच्या खर्चाच्या मापाने आजची महागाई मोजता येत नाही. बुद्धिमापनाचेही तसेच आहे. मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहावयाचे ती प्रमाणके जुनी झाली की माप चुकते. न्यूझीलंडमधील जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांची आकडेवारी मांडून दाखविले की चाचण्यांतील गुण पिढीगणिक चढत जातात. म्हणजे जुन्या प्रमाणकांवर आजचे मूल आहे त्यापेक्षा वर दिसते, आणि ज्याला साहाय्य हवे ते सुटून जाते. कामतांचे काम थोर खरे, पण ते १९३४ चे. नव्वद वर्षांपूर्वीच्या धारवाडच्या मुलांशी आजच्या आनेकलच्या मुलाची तुलना करीत राहणे हा कामतांचा गौरव नव्हे. त्यांच्यासारखे पुन्हा हजार मुलांपर्यंत चालत जाणे हाच त्यांचा खरा गौरव. आणि ते काम करणारे हात दीर्घ प्रशिक्षणानेच तयार होतात.

कायद्यानेही आता निकड निर्माण केली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असे म्हटले आहे. जागा निर्माण होतील. पण माणसे कोठून आणणार? काही आठवड्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून मुलांच्या मनावर शेरे मारणारे लोक त्या जागी बसले, तर आमच्या घरी घडले ते हजार घरी घडेल. फरक एवढाच की तेव्हा शेरा तोंडी होता, आता तो शिक्क्यासह येईल.

या वाटेचे कष्टही सांगितले पाहिजेत. कन्येच्या बरोबरीच्या मुली अभियंता होऊन परदेशी गेल्या. तिची शिष्यवृत्ती वेळेवर येतेच असे नाही. शाळा परवानगी देतात, ऐन वेळी परीक्षा आली की परत घेतात. मंडळाच्या हळदीकुंकवाला आमच्या सौभाग्यवतींना दर वर्षी एकच प्रश्न विचारला जातो: "मुलीचं अजून शिक्षणच चाललंय का?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे आम्ही जाणतो. पण घरी आल्यावर त्या प्रश्नाचे ओझे त्या मुलीला वाहावे लागते. गेल्या दिवाळीत तिने एकदा सगळे सोडून देण्याची भाषा केली. त्या वेळी तिला थोपविणारे आम्ही नव्हतो. तिचा धाकटा भाऊ होता. तो एवढेच म्हणाला, "ताई, माझ्यासारखी अजून बरीच बसली असतील." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शाळेत गेली.

आता सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या चरणी तीन नम्र सूचना मांडतो. पहिली अशी की, दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांना आपण पारितोषिके देतो. त्याच निधीतून मराठी-कन्नड मुलांच्या शिक्षणावर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्यास प्रवासखर्चापुरते साहाय्य द्यावे. दुसरी अशी की, शनिवारच्या मराठी वर्गासाठी जी खोली आहे ती महिन्यातून एकदा पात्र तज्ज्ञांस उपलब्ध करून द्यावी, म्हणजे मुलाला त्याच्या घरच्या भाषेत कोणी विचारणारे भेटेल. तिसऱ्या सूचनेस पैसा लागत नाही. आपल्या ओळखीच्या घरात एखादे मूल वाचताना अडखळत असेल, तर त्याच्यासमोर मठ्ठ हा शब्द उच्चारू नये, आणि पट्टी उचलण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

आमचे चिरंजीव आज सभागृहात शेवटच्या रांगेत बसले आहेत. ते एका कारखान्यात आरेखक म्हणून चांगल्या हुद्द्यावर आहेत. त्यांचे अक्षर अजूनही वाईट आहे आणि हे भाषण त्यांनी वाचलेले नाही; ऐकतो, असे म्हणाले. त्या वहीबद्दल आम्ही त्यांची क्षमा आजवर शब्दांत मागितली नव्हती. अध्यक्षमहाराजांच्या परवानगीने ती आम्ही येथे, आपणां सर्वांसमक्ष, मागत आहोत.